‘किंवा होती’

परदेशी सून किंवा परदेशी जावई हा विषय हिंगोलीसारख्या जिल्ह्यात निघाला की घरात पहिला प्रश्न जातधर्माचा येतो, दुसरा खाण्यापिण्याचा, आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, ‘टिकेल का?’ असा. चौथा प्रश्न सहसा कुणी काढत नाही. लग्न नाहीच टिकले, किंवा ज्याच्या भरवशावर ती घरदार सोडून आली तोच उद्या राहिला नाही, तर ती इथे राहणार कोणत्या हक्काने? या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यात एकेकाळी होते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी स्त्रीला नोंदणी करून नागरिक होण्याची वाट दिली, तेव्हा त्या मजकुरात ‘विवाहित आहे किंवा होती’ अशा अर्थाचे शब्द होते. त्यातले ‘किंवा होती’ पुढे गळून पडले. ते परत आले पाहिजेत, आणि नुसते नागरिकत्वाच्या कलमात नव्हे. लग्नाच्या आधारावर मिळणाऱ्या वास्तव्याच्या प्रत्येक परवानगीत आले पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे.

हळद आणि सोयाबीनच्या भावावर वर्ष मोजणाऱ्या जिल्ह्याने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. तर पडण्याची वेळ आपोआप येते आहे. वसमत, सेनगाव, कळमनुरीची मुले शिकायला आधी नांदेड-संभाजीनगरला, मग पुण्याला जातात, आणि पुण्याहून पुढचा टप्पा आता मुंबईच असतो असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, नर्स, चालक अशी माणसे तिकडे पाठवायची, त्यांना इथेच जर्मन शिकवायची, असा तो बेत. सरकार स्वतः पोरांना परदेशी पाठवायला निघाले असेल तर त्यातली काही पोरे-पोरी तिथे लग्ने करणार, हे सांगायला ज्योतिषी नको. उलट दिशेनेही वाट तयार होते आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. गुरुत्वलहरींचे काम एका देशाचे नसते, त्यामुळे देशोदेशीची माणसे या माळावर येतील, काही राहतील. आणि परदेशात परदेशी मुलीशी लग्न ही या भूमीला अगदीच नवी गोष्ट आहे असेही नाही. हिंगोली ज्या निजामी राज्याचा भाग होती, त्या राज्याच्या युवराजाचे लग्न १९३१ साली फ्रान्सच्या नीस शहरात झाले. वधू दुर्रुशेहवार ही देशोधडीला लागलेल्या शेवटच्या तुर्की खलिफाची मुलगी. तिच्याकडे कोणत्या देशाचे कागद आहेत हे निजामाच्या दरबारात कुणी विचारले नसणार. कागद विचारले जातात ते आपल्यासारख्यांना.

बाहेरच्या देशांत काय चालते ते आधी पाहू, कारण त्यांच्याविषयी तक्रार करण्यात आपण पटाईत आहोत, आणि ती तक्रार खोटी नाही. ब्रिटनने १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर नियोजित पतीकडे निघालेल्या एका भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्य चाचणी’ केली होती. दिल्लीने त्याचा निषेध नोंदवला. आजही तिथे जोडीदाराला बोलावायचे तर एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवावे लागते, म्हणजे आपल्या हिशेबाने तीस लाख रुपयांच्या वर. २०१२ पासून तोवर हा आकडा १८,६०० होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये सांगून टाकले की परदेशी जोडीदाराला देशात आणणे हा अमेरिकी नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. जर्मनीत बायको न्यायची तर साधारणपणे तिला निघण्यापूर्वी जर्मनची पहिली पायरी, ए-वन, पास व्हावे लागते. त्यासाठी हिंगोलीच्या मुलीने पुण्याच्या मॅक्स म्युल्लर भवनाचे जिने चढायचे. मुलाने तिथेच लग्न लावायचे ठरवले तर त्याच्याकडे अविवाहित असल्याचा दाखला मागतात. आता गावात अमक्याचे लग्न झालेले नाही हे पारावरचा प्रत्येक जण छातीठोक सांगेल, पण तसे ठामपणे लिहून देणारे एक खाते आपल्याकडे नाही. मग नोटरीपुढचे प्रतिज्ञापत्र, त्यावर शिक्के, भाषांतर. परदेशी कागदपत्रे एकाच शिक्क्यावर ग्राह्य धरण्याच्या, म्हणजे ॲपोस्टिलच्या, आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ पासून आहे, तरी जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असल्यामुळे आपला ॲपोस्टिल तिथे चालत नाही. कागदांची वेगळी पडताळणी होते. या जाचाला कंटाळून कित्येक जोडपी शेजारच्या डेन्मार्कमध्ये जाऊन लग्न लावून येतात. तर दार अवघड आहे, यात वाद नाही. पण एकदा आत गेल्यावर काय होते तेही बघायला हवे. जर्मनीत लग्नाचा संसार तिथे तीन वर्षे झाला की जोडीदाराचा राहण्याचा हक्क स्वतंत्र होतो. घटस्फोट झाला तरी लगेच चंबूगबाळे आवरावे लागत नाही, आणि मारहाणीसारखे कारण असेल तर तीन वर्षांची अटही सोडता येते. अमेरिकेत नव्या लग्नावर मिळालेले ग्रीन कार्ड दोन वर्षे सशर्त असते. ती शर्त उठवण्याचा अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो, पण लग्न खरे होते एवढे दाखवता आले तर घटस्फोटितेला एकटीने करता येतो. छळ झालेल्या बाईला नवऱ्याच्या सहीवाचून ग्रीन कार्डचाच अर्ज करण्याची सोय तिथे १९९४ च्या कायद्याने झाली. ब्रिटनमध्येही घरगुती हिंसाचाराला बळी पडलेल्या जोडीदाराला कायम वास्तव्य मागता येते. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या इंजिनिअरांच्या बायकांची गोष्ट निराळी, त्या एच-फोर या आश्रित व्हिसावर नवऱ्याला बांधलेल्याच राहतात. पण नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला हे तिन्ही देश आज ना उद्या स्वतःच्या पायावर उभे करतात.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. इथे दार तुलनेने सोपे. उत्पन्नाची अट नाही, मराठीची परीक्षा नाही (असती तर आपल्यातलेच बरेच नापास झाले असते). अडचण सुरू होते ती लग्न कायद्याने लागले की नाही इथपासून. मंगल कार्यालयात अक्षता पडल्या, पाचशे पाने उठली, परदेशी नवरीचे नऊवारीतले फोटो पेपरात आले, तरी ती हिंदू नसेल तर हिंदू विवाह कायद्याखाली हे लग्न लागलेलेच नसते. दोन्ही पक्ष हिंदू असल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. तुकोजीराव होळकरांनी १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन मुलीशी लग्न केले, तेव्हा आधी तिचा हिंदू धर्मात प्रवेश करवून घेतला होता. धर्म न बदलता लग्न करायचे तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्याला लोक ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात, पण कोर्टाचा त्यात संबंध नसतो. काम विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत होते. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवे, मग नोटीस, ती फलकावर, हरकतींसाठी आणखी ३० दिवस. परदेशात तिथल्या कायद्याने लागलेले लग्न भारतीय वकिलातीत १९६९ च्या विदेशी विवाह कायद्याखाली नोंदवता येते, आणि नोंदवावेच. त्यानंतर येतो वास्तव्याचा कागद. सुरुवातीला प्रवेश व्हिसा, ज्याला सगळे एक्स व्हिसा म्हणतात. १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचे तर परदेशी नागरिक म्हणून नोंदणी, जी जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येते. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन नवा कायदा आला, पण तिचे वास्तव्य नवऱ्याला टांगलेले आहे यात फरक पडलेला नाही. अर्जासोबत भारतीय जोडीदाराचे हमीपत्र लागते, म्हणजे दर मुदतवाढीला नवऱ्याची सही. घरात भांडण पेटलेले असताना ही सही किती किमतीची होते, हे वेगळे सांगायला नको.

लग्न नोंदून सलग दोन वर्षे झाली, सुरक्षा तपासणी पार पडली, की ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळू शकते. आयुष्यभराचा व्हिसा, असे त्याचे वर्णन करतात. शेतजमीन सोडून इतर मालमत्ता घेता येते, सारखे पोलिसात हजर व्हावे लागत नाही. घरातल्यांना वाटते, चला, सुटलो. पण नागरिकत्व कायद्याचेच कलम ७-ड उघडून पाहावे. लग्नाच्या आधारावर घेतलेले कार्ड ज्या कारणांनी रद्द होऊ शकते त्यांत एक कारण आहे: सक्षम न्यायालयाकडून ‘किंवा अन्यथा’ विवाह संपुष्टात येणे. २०१५ च्या दुरुस्तीने हे आले. खोटी माहिती देणे, देशाच्या सार्वभौमत्वाला बाधा आणणे, युद्धकाळात शत्रूशी संबंध ठेवणे ही रद्द करण्याची इतर कारणे त्याच कलमात आहेत. घटस्फोट त्यांच्या पंगतीला बसवलेला आहे. शिवाय ते ‘किंवा अन्यथा’. नवरा वारल्यावर लग्न ‘अन्यथा’ संपले असे समजायचे का? कलमात त्याचे उत्तर नाही. ज्या मजकुराच्या अर्थावर एखाद्या विधवेने देशात राहावे की जावे हे ठरू शकते तो असा मोघम ठेवणे, हा माझ्या मते मसुदा करणाऱ्यांचा निष्काळजीपणा आहे. आता न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कार्ड आपोआप रद्द होत नाही. २०१९ पासून आधी म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद आहे, आणि कार्ड गेले तरी दुसरा एखादा व्हिसा मिळूही शकतो. मात्र तो मिळेल तो मर्जीने, आणि मर्जी कधीही फिरू शकते. हळदीच्या शेतावर वीस वर्षे राबलेल्या, सासूचे दुखणे काढलेल्या, मराठी बोलणाऱ्या बाईला तिची मुले भारतीय नागरिक असताना मर्जीवर राहावे लागणे मला पटत नाही.

‘किंवा होती’ची गोष्ट इथे येते. १९५५ मध्ये हे शब्द होते, वास्तव्याच्या वर्षांची अटही नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ जाऊन ‘व्यक्ती’ आल्या, परदेशी नवऱ्यांनाही वाट मिळाली, हे चांगलेच झाले. पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली, तीही समजण्यासारखी. ‘आहेत किंवा होत्या’ मात्र तेव्हाही शाबूत होते. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षे केली आणि वाक्य ‘विवाहित आहे’ एवढ्यावर आणून ठेवले. मधल्या काळात काय झाले होते हे महाराष्ट्राला आठवत असेल. १ मे १९९९ ला हिंगोली परभणीतून वेगळी होऊन जिल्हा झाली, आणि त्याच महिन्यात शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या विदेशी मुळाचा मुद्दा काढला; जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस जन्माला आली. पंतप्रधानपदी कोण असावे हा राजकारणाचा वाद होता, तो ज्याने त्याने आपल्या मताप्रमाणे सोडवावा. पण ‘विदेशी सून’ हा शब्दच संशयाचा झाला तो त्या वर्षांत, आणि २००३ च्या मसुद्यावर त्या हवेची सावली पडली असावी असे मला वाटते. ज्या देशाने आपल्या सर्वोच्च शौर्यपदकाचे काम अशाच एका सुनेच्या हाती सोपवले होते, त्याच देशात हे घडले. परमवीर चक्राचा आराखडा करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर स्वित्झर्लंडमध्ये जन्मल्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी त्यांनी १९३२ मध्ये लग्न केले. १९५२ मध्ये त्या विधवा झाल्या आणि १९९० मध्ये वारल्या त्या भारतातच. मधली ही जवळजवळ चार दशके त्या ‘पत्नी आहे’ या सदरात नव्हत्या, ‘होती’ या सदरात होत्या. दुसरे उदाहरण गेल ऑम्वेट यांचे. मिनियापोलिसची ही मुलगी महात्मा फुल्यांच्या चळवळीवर अभ्यास करायला आली, १९७६ मध्ये भारत पाटणकरांशी लग्न केले, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाली आणि २०२१ मध्ये मरेपर्यंत सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिली. त्यांनी नागरिकत्वाचा रस्ता धरला आणि तो पक्का होता. आजही सात वर्षे वास्तव्य करून, आपला जुना पासपोर्ट सोडून तो धरता येतो, आणि एकदा नागरिक झाल्यावर घटस्फोटाने काही बिघडत नाही. म्हणजे स्वतंत्र हक्क आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. पण तो मिळतो सात वर्षांनंतर, माहेरच्या देशावर कायमचे पाणी सोडून, आणि त्या सातव्या वर्षापर्यंत लग्न टिकले तरच. सहाव्या वर्षी नवरा गेला तर या वाटेवर सहा वर्षांची बेरीज शून्य.

आता हरकती. सगळ्यात जोरदार हरकत खोट्या लग्नांची. कागदापुरते लग्न करायचे, वास्तव्य मिळवायचे आणि काडीमोड घ्यायची, याला आपण मोकळे रान देणार का? ही भीती निराधार नाही. अमेरिकेने १९८६ मध्ये दोन वर्षांची सशर्त मुदत आणली ती याच कारणाने. पण खोटेपणा शोधायचा असतो तो लग्नाच्या सुरुवातीला, आणि त्यासाठी आपल्याकडे नोंदणी आहे, दोन वर्षांची प्रतीक्षा आहे, स्थानिक चौकशी आहे, सुरक्षा तपासणी आहे. जे लग्न या सगळ्या चाळणीतून गेले ते दहाव्या वर्षी मोडले म्हणून मुळात खोटे ठरत नाही. लग्ने खरी असतात आणि मोडतातही, हे कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारावे. उलट हक्क नवऱ्याच्या मुठीत ठेवल्याने खोटेपणा वाढतो: मोडलेले लग्न कागदावर चालू ठेवायचे, मार खाऊन गप्प बसायचे, आणि तिकडे मुदतवाढीच्या अर्जावर ‘सुखाने एकत्र राहतो’ असे लिहून द्यायचे.

सुरक्षेची हरकत जास्त नाजूक आहे. पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असलेल्या वा पूर्वी राहिलेल्या व्यक्तींना, त्यांच्या मुला-नातवंडांनाही, ओसीआय मिळत नाही. त्यांच्यासाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची वेगळी व्यवस्था आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांना देश सोडायला सांगितले गेले, तेव्हा अटारीच्या फाटकावर एकेका घराचे दोन तुकडे होताना सगळ्यांनी पाहिले. आईच्या हातात एक पासपोर्ट, लेकरांच्या हातात दुसरा. शत्रुत्वाच्या काळात सरकारने काय करावे हा या लेखाचा विषय नाही, आणि त्या दोन देशांचे अपवाद काढून टाका असे मी म्हणतही नाही. माझा प्रश्न साधा आहे. सुरक्षा तपासणी माणसाची होते, त्याच्या वैवाहिक स्थितीची नव्हे. जी जर्मन किंवा केनियन बाई काल दुपारपर्यंत देशाला धोकादायक नव्हती, ती आज घटस्फोटाच्या हुकूमनाम्यावर न्यायाधीशांची सही झाल्याबरोबर धोकादायक कशी होते? धोका असेल तर कार्ड रद्द करायची इतर कारणे त्याच कलमात आहेत, ती वापरावीत.

‘तिला तिचा देश आहे ना, जाईल परत,’ असेही बोलले जाते, आणि हे बोलणारे बहुधा आपल्याच मुलीविषयी असे बोलणार नाहीत. परदेशस्थ भारतीय नवऱ्यांनी सोडून दिलेल्या मुलींचा प्रश्न आपल्याकडे इतका मोठा मानला गेला की फेब्रुवारी २०१९ मध्ये अशा लग्नांच्या सक्तीच्या नोंदणीचे विधेयक राज्यसभेत आले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने या विषयावर स्वतंत्र अहवालच दिला. ते योग्यच झाले. मात्र त्या सगळ्या चर्चेत गृहीत असे धरलेले दिसते की सोडून देणारा तिकडचा आणि सोडली जाणारी इकडची. इथे आणून सोडून दिलेली तिकडची मुलगी त्या चित्रात फारशी दिसत नाही. आपल्या लेकीला स्टुटगार्टमध्ये तीन वर्षांनी स्वतःच्या नावावर राहता यावे, ही अपेक्षा धरणाऱ्याने स्टुटगार्टच्या मुलीला हिंगोलीत तेवढेच द्यायला का कचरावे? तीन वर्षांचा खरा संसार, तोवर सशर्त परवानगी, त्यानंतर स्वतंत्र. मृत्यू आणि मारहाण या दोन प्रसंगी मुदतीची अट नाही. भारतीय नागरिक असलेले मूल पदरात असेल तर ते सज्ञान होईपर्यंत प्रश्नच नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ मध्ये दोन शब्द परत घालायचे आणि कलम ७-ड मधले एक पोटकलम काढायचे.

ते होईपर्यंत ज्या घरात असे लग्न ठरले असेल त्यांनी एवढे करावे. फोटो आणि पत्रिका यांवर विसंबून न राहता विशेष विवाह कायद्याखाली किंवा वकिलातीत नोंदणी करावी, आणि ती लग्नाच्या महिन्यातच करावी, कारण ओसीआयची दोन वर्षे मोजायला नोंदलेले लग्न लागते. वास्तव्याची सात वर्षे सिद्ध करायला एकेक कागद लागतो: नोंदणीची प्रमाणपत्रे, व्हिसाच्या मुदतवाढी, तिच्या नावाचे बँक खाते, मुलांच्या जन्मदाखल्यांवर तिचे नाव, पासपोर्टावर आहे त्याच स्पेलिंगमध्ये. नावाचे एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर दुरुस्तीला लागणारे हेलपाटे ज्याने सातबाऱ्यावरचे नाव दुरुस्त करून घेतले आहे त्याला सांगायला नकोत. हे सगळे एका फाइलीत ठेवावे, फाइल तिच्या ताब्यात असावी, आणि तिची एक प्रत तिच्या माहेरी पाठवून द्यावी.